इंजिन बदलण्याआधी

मे महिना सरत आला की हर्णे, मिरकरवाडा, ससून डॉक अशा बंदरांवर बोटमालकांपुढे जुनाच प्रश्न उभा राहतो: दमलेलं इंजिन खोलून दुरुस्त करायचं की काढून नवीन बसवायचं? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, म्हणून मोठं काम उरकायला हेच दोन महिने. मेकॅनिक दुरुस्तीचा अंदाज सांगतो, विक्रेता नव्या इंजिनाची किंमत सांगतो आणि दुरुस्ती निम्म्याच्या वर जात असेल तर नवीनच घेऊ, असा कौल बहुधा लागतो. हा हिशेब मला अपुरा वाटतो. इंजिन कशामुळे गेलं हे ठाऊक नसेल तर दोन्ही आकडे आंधळे आहेत. मूळ कारण तसंच राहिलं तर दुरुस्त केलेलं इंजिनही जाईल आणि नवीनही.

डिझेल इंजिन आपलं दुखणं लपवत नाही. निळसर धूर आणि रोज घालावं लागणारं ऑइल म्हणजे बहुधा रिंगा-लायनर झिजले. तापल्यावरही पांढरा धूर राहिला तर कॉम्प्रेशन उतरलंय, नोझल बिघडलाय किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय. यातलं बरंचसं बदलता येणाऱ्या भागांत असतं. क्रँकशाफ्टचं मात्र तसं नाही. ग्राइंड करताना तो साधारण पाव-पाव मिलिमीटरने उतरतो आणि एक मिलिमीटर उतरला की पुष्कळ इंजिनांना त्यापुढच्या मापाचं बेअरिंगच मिळत नाही. म्हणून खर्चाआधी विचारावं: क्रँक कितव्या मापावर आहे, ब्लॉकला तडा आहे का, पाण्याच्या वाटा खाऱ्या पाण्याने कुरतडल्या आहेत का? ही उत्तरं चांगली आली तर इंजिनाचा सांगाडा शाबूत आहे आणि तो भंगारात घालणं ही उधळपट्टी आहे.

काळा धूर तर पुष्कळदा इंजिनाचा दोषच नसतो. गरजेपेक्षा मोठा पंखा, बुडाला धरलेले शिंपले, इंजिनाच्या खणात अपुरी हवा, यांतलं काहीही पुरतं. डिझेल अर्धवट जळतं आणि पिस्टन तापत राहतात. शाफ्टची रेषा हे असंच दुर्लक्षित कारण. लाकडी बोट किनाऱ्यावर टेकूंवर असताना एक आकार घेते, तरंगू लागली की दुसरा. म्हणून कपलिंगच्या दोन तोंडांमधली फट वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिलर गेजने शेवटची तपासायची ती बोट पाण्यात उतरल्यावर. हे काम घाईत किनाऱ्यावरच उरकलं की गिअरबॉक्सचं बेअरिंग मार खात राहतं आणि बोल इंजिनाला लागतो.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप जिवाचा आहे. वाऱ्याने खडकांकडे लोटली जाणारी बंद बोट म्हणजे खलाशांच्या जिवाशी खेळ. तिथे पैशाचा हिशेब कसला? बरोबर आहे. पण भर समुद्रात इंजिन थांबवणाऱ्या नेहमीच्या गोष्टी म्हणजे डिझेलमधलं पाणी, तुंबलेला फिल्टर, पंपाचा फाटलेला इम्पेलर, पंख्यात गुंतलेलं जाळं. नव्या इंजिनालाही त्या तशाच थांबवतात. गाळाने भरलेली जुनी टाकी न धुता तिला नवं इंजिन जोडणाऱ्याने खलाशांसाठी काहीच केलेलं नसतं.

दुसरा आक्षेप असा की नवीन इंजिन डिझेल कमी पितं. तेवढ्याच ताकदीचं घेतलं तर हे पटण्यासारखं आहे. पण घेताना अश्वशक्ती वाढवली जाते आणि तिथेच पाणी मुरतं. जड बोटीला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनात वाढते. ७ नॉटवरून ८ वर जायला जवळपास दीडपट. पाण्याच्या रेषेवर ३६ फूट लांब असलेल्या अशा बोटीचा स्वाभाविक वेग ८ नॉटच्या आसपास संपतो, पुढची अश्वशक्ती मोठ्या लाटा उठवण्यात जाते. जाळं ओढायला ताकद लागते हे मान्य, पण कर्जाचा हप्ता मासळी मिळो न मिळो भरावाच लागतो. तो भरण्यासाठी बोट आणखी दूर, आणखी दिवस जाते, किनाऱ्यालगतची मासळी आधीच आटत असताना. मला याची इंजिनापेक्षा जास्त काळजी वाटते.

तरीही काही इंजिनं काढायचीच असतात: ब्लॉक फुटलेली, क्रँक शेवटच्या मापावर आलेली, सुटे भाग बाजारातून गेलेली. तिथे डागडुजीचा हट्ट धरू नये. मात्र हे ठरवायचं तर तपासणी मेच्या शेवटच्या फेऱ्यांतच व्हायला हवी. बोट एकदा ओढून शाकारली की इंजिनावर भार टाकता येत नाही आणि रिकामं चालवलेलं इंजिन निरोगीच वाटतं. जाळं ओढताना फेरे किती पडतात, तापमान कुठे स्थिरावतं, ब्रीदरमधून किती वाफ येते, हे तांडेलाने लिहून ठेवावं आणि हेड खोलण्याआधी तो कागद मेकॅनिकला दाखवावा.