उभे आघाडीवर, नजर गावाकडे

सेलू तालुक्यातल्या देवगाव फाट्यावरून एक वाट मंठ्याकडून जालन्याला जाते, दुसरी जिंतूरला. जिंतूरहून पुढे औंढा करत हिंगोली गाठता येते. आज या रस्त्याने एसटी, कापसाचे ट्रक आणि लग्नाची वऱ्हाडं जातात. पण जालना आणि हिंगोली ही दोन्ही टोकं एकेकाळी छावणीची गावं होती. ‘हैदराबाद कंटिंजंट’ या नावाची फौज तिथे, तसंच मोमिनाबादला म्हणजे आजच्या अंबाजोगाईला राहायची. खर्च निजामाचा, हुकूम इंग्रज साहेबाचा. १९०३ च्या सुमाराला ही फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यात मिसळून गेली आणि छावण्या ओस पडल्या.

या फौजेचं घोडदळ मात्र नव्या नावांनी राहिलं. त्यातलीच ‘विसावी डेक्कन हॉर्स’ ही रेजिमेंट पहिल्या महायुद्धात फ्रान्सला पोचली. १४ जुलै १९१६ ला सोमच्या रणधुमाळीत हाय वूड नावाच्या रानाजवळ तिच्या स्वारांनी उभ्या पिकातून भाले रोखून घोडे घातले. समोर मशीनगन होत्या. स्वारांत शीख होते, जाट होते आणि दख्खनी मुसलमानही. त्या दख्खनी स्वाराच्या मनाची कोंडी समजून घ्यायला हवी. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तानच्या सुलतानाने, म्हणजे खलिफाने, इंग्रजांविरुद्ध जिहाद पुकारला होता. त्याच वेळी हैदराबादेतून निजाम मीर उस्मान अली खान यांनी मुसलमान प्रजेला इंग्रजांशी इमान राखायला सांगितलं. खलिफा एक सांगतो, निजाम दुसरं, आणि पगार देणारा तिसराच.

या माणसांबद्दल बोलताना आपण दोनच शब्द हाताशी ठेवतो. सरकारी सोहळा असला की ‘वीर’, चर्चा रंगली की ‘भाडोत्री’. दोन्ही शब्द वापरणाऱ्याच्या सोयीचे आहेत. लढाई कुणाची होती, हा प्रश्न शंभर वर्षांनी विचारणं सोपं आहे. शिपायाच्या मनात बहुतेक वेळा त्याहून जवळचा प्रश्न असायचा: परत गेल्यावर गाव काय म्हणेल?

याचा लख्ख पुरावा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये सापडतो. डिसेंबर १९१५ मध्ये जनरल टाउनशेंडची फौज तैग्रिस नदीकाठच्या कुत शहरात तुर्कांच्या वेढ्यात अडकली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आलं तसे घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्यांनी ते मांस खाल्लं, हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी नाकारलं. स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या, माणसं वाळत गेली. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीच्या तारा मागवून पाहिल्या, तरी पुष्कळांचं मन वळेना. कारण भीती देवाची कमी आणि भावकीची जास्त होती. आज सूट मिळेल, पण गावी गेल्यावर आपल्या घरात कुणी सोयरीक करणार नाही, असं शिपाई सांगत. मरण दारात उभं असताना ही माणसं पोरांच्या लग्नांचा विचार करत होती! अखेरच्या आठवड्यांत भुकेने अनेकांना नमवलं. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार माणसं शरण गेली. पुढच्या वाळवंटातल्या पायपिटीत आणि रेल्वेच्या मजुरीत कितीतरी जण संपले.

पलटणीतल्या साध्या शिपायाचा पगार तेव्हा महिना ११ रुपये होता. आज हा आकडा ऐकून हसू येईल, पण दोन-चार एकर कोरडवाहू जमीन आणि डोक्यावर सावकार असलेल्या घरात दरमहा ठरलेली रोकड येणं ही केवढी गोष्ट होती! साताऱ्याच्या अपशिंगे गावातून इतके लोक गेले की पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण कामी आले. गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ कायमचं चिकटलं.

पत्रांतून तरी मन उघडं व्हावं, तर तिथेही अडचण. शिपाई सांगणार, पलटणीतला लिहिणारा लिहिणार, फ्रान्समधल्या बुलोनच्या कचेरीत साहेब ती वाचणार आणि गावात शाळामास्तर मोठ्याने वाचून दाखवणार. इतक्या कानांवरून जाणाऱ्या पत्रात कोण रडेल? तरी शिपाई हुशार निघाले. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरी वापरतात, असं कुणी लिही. काळी म्हणजे हिंदी फौज, लाल म्हणजे गोरी. धाकट्याला भरती होऊ देऊ नका, असंही काहींनी आडून आडून कळवलं. साहेबांना हे इशारे कळत होते, म्हणून तर ते आपल्यापर्यंत पोचले.

दुसऱ्या महायुद्धात भरती आणखी वाढली. मार्च १९४१ मध्ये आफ्रिकेतल्या केरेनच्या डोंगरावर चढताना मराठ्यांनी शिवाजी महाराजांच्या नावाने जयघोष केला. बादशहाच्या युद्धात छत्रपतींचं नाव! साहेबाने त्यात विसंगती पाहिली नाही आणि शिपायानेही नाही. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून देणारी झुंज झाली. तिचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी त्यांनी दोन जखमी सोबत्यांना एकेक करून गोळीबारातून, पाण्यातून, सुरुंगांतून मागे आणलं. मग परत जाऊन शत्रूच्या तीन मशीनगन बंद पाडल्या. साम्राज्य वगैरे दूर राहिलं, शेजारी पडलेला माणूस महत्त्वाचा.

याच वर्षांत सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. एकाच जिल्ह्यातली काही पोरं इंग्रजांच्या गणवेशात इटलीत, तर काही इंग्रजांचे खजिने लुटत उसाच्या फडांत. आपण त्यांना इतिहासाच्या दोन वेगळ्या धड्यांत बसवतो, ती मात्र एकाच पंचक्रोशीत वाढली होती.

आणि ज्यांना लढायलाच मिळत नव्हतं त्यांचं काय? १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी ती पुन्हा सुरू करण्यासाठी सरकारकडे अर्ज केला. १९१७ मध्ये माणसं कमी पडू लागली तेव्हा ‘१११ महार’ ही पलटण उभी राहिली, आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडली गेली. या लोकांना युद्धाची हौस नव्हती. लष्करात पगार होता, पेन्शन होती, शाळा होती आणि गावात न मिळणारा सलाम होता. १९४१ मध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची स्थापना झाली. हिटलरविरुद्धच्या युद्धासाठी उभ्या केलेल्या या रेजिमेंटने टोपीवरच्या बिल्ल्यासाठी चिन्ह निवडलं ते भीमा कोरेगावच्या स्तंभाचं.