मोकाट कुत्रा आणि शेजाऱ्याचा हक्क



बंधू-भगिनींनो, फजरची वेळ डोळ्यांसमोर आणा. गल्लीत अजून अंधार आहे. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ वुजू करून, हातात काठी घेऊन घराबाहेर पडतात. मस्जिद दोनशे पावलांवर आहे. वाटेत एका घराचे फाटक उघडे असते आणि आतला धिप्पाड कुत्रा भुंकत त्यांच्या अंगावर धावून येतो. मालक गॅलरीतून सांगतो, ‘‘चाचा, घाबरू नका, तो काही करत नाही.’’ दोन-तीन दिवस असेच घडते आणि मग ते गृहस्थ फजरची नमाज घरीच अदा करू लागतात. पहिल्या सफमधील त्यांची जागा रिकामी राहते. कोणाला चावा बसला नाही, कोणाचे रक्त सांडले नाही, म्हणून मालकाच्या लेखी काहीच घडलेले नाही. अल्लाहच्या दरबारातील नोंदीत मात्र काही लिहिले गेले की नाही, याचा विचार आज आपण करू या.

हा विचार करताना पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी लागते ती ही की, इस्लामने कुत्र्याचा द्वेष शिकविलेला नाही. आपल्यापैकी काही जण कुत्रा दिसताच दगड उचलतात आणि यालाच दीनदारी समजतात. हा मोठाच गैरसमज आहे. सूरह कहफमध्ये गुहेतील ईमानवंत युवकांची कथा आली आहे. त्यांच्यासोबत त्यांचा कुत्राही होता आणि तो उंबरठ्यावर पुढचे पाय पसरून बसला होता, याचा उल्लेख अल्लाहने आपल्या ग्रंथात केला आहे. सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवून तयार केलेल्या शिकारी जनावरांनी पकडलेली शिकार हलाल ठरविली आहे. सूरह अनआमच्या ३८ व्या आयतीत जमिनीवर चालणारे जीव आणि हवेत उडणारे पक्षी हेही तुमच्यासारखेच समुदाय आहेत, असे सांगितले आहे.

बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत ह. अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेली कथा आपण अनेकदा ऐकली असेल. तहानेने व्याकूळ झालेला एक प्रवासी विहिरीत उतरून पाणी प्यायला. वर आल्यावर त्याला एक कुत्रा तहानेपायी ओली माती चाटताना दिसला. तो पुन्हा विहिरीत उतरला, आपल्या मोज्यात पाणी भरले, तो दातांत धरून वर आला आणि कुत्र्याला पाणी पाजले. अल्लाहने त्याच्या या कृतीची कदर केली आणि त्याला क्षमा केली. सहाबांनी विचारले की, जनावरांशी केलेल्या भलाईचेही पुण्य मिळते काय? प्रेषितांनी (स.) उत्तर दिले की, प्रत्येक जिवंत प्राण्याशी केलेल्या भलाईचे पुण्य आहे. याउलट, मांजरीला बांधून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाल्याचेही प्रेषितांनीच (स.) सांगितले आहे.

तेव्हा भूतदया हा आपल्या दीनचाच भाग आहे. मात्र कुत्रा पाळण्याला दीनने मर्यादाही घातली आहे. शिकार, जनावरांची राखण आणि शेतीची राखण या गरजा वगळता जो कुत्रा पाळतो, त्याच्या पुण्यकर्मांतून दररोज काही हिस्सा घटतो, असे सहीह हदीसमध्ये आले आहे. घराच्या राखणीची खरी गरज असेल तर अनेक फकीहांनी तिलाही याच सवलतीत धरले आहे. परंतु भारी जातीचा कुत्रा आणून त्याच्यासोबत मोहल्ल्यात मिरविणे, त्याच्या दरार्‍याने आपला रुबाब वाढविणे, ही शेतकऱ्याची किंवा मेंढपाळाची गरज नव्हे. आपल्या तरुणांत हा शौक वाढत असेल तर आई-वडिलांनी त्यांना वेळीच समजावले पाहिजे.

पाकीचा प्रश्नही येथेच येतो. आपल्या महाराष्ट्रात कोकणी मुस्लिम बांधव बहुधा शाफई मस्लकचे, तर इतर भागांतील बहुसंख्य मुस्लिम हनफी मस्लकचे आहेत. शाफई मतानुसार कुत्र्याचा ओला स्पर्श झालेली जागा सात वेळा आणि त्यांपैकी एकदा मातीने धुवावी लागते. हनफी मतानुसार त्याची लाळ नापाक आहे. कोरड्या कपड्याला कुत्र्याचे कोरडे अंग लागल्याने मात्र दोन्ही मतांनुसार कपडा नापाक होत नाही. म्हणून वसवशात पडू नये. पण पावसाळ्यात भिजलेला कुत्रा नमाजीच्या कपड्यांना घासून जातो, त्यावर लाळ सांडतो, तेव्हा त्या माणसाला घरी परतून कपडे बदलावे लागतात आणि त्याची जमात चुकते. कुत्र्याच्या धन्याला ही अडचण क्षुल्लक वाटते. नमाजीला ती क्षुल्लक नसते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मोकाट सुटलेल्या जनावराने त्रास दिला तर दोष कोणाचा? सूरह अंबियामध्ये ह. दाऊद (अ.) आणि ह. सुलैमान (अ.) यांच्यासमोर आलेल्या एका खटल्याचा उल्लेख आहे. काही लोकांच्या शेळ्या-मेंढ्या रात्री दुसऱ्याच्या शेतात शिरल्या आणि पिकाचा नाश झाला. भाष्यकार सांगतात की, ह. सुलैमान (अ.) यांनी दिलेल्या निवाड्यानुसार कळप काही काळ शेतकऱ्याकडे राहावा, त्याने दूध व लोकर घ्यावी, आणि तोवर कळपाच्या मालकाने शेत पूर्ववत करून द्यावे. दोन्ही पक्षांचे कल्याण साधणारा हा न्याय होता. लक्षात घ्या, मेंढ्यांना कोणी शिक्षा केली नाही. जाब विचारला गेला तो मालकाला.

प्रेषितांच्या (स.) काळातही असे घडले. ह. बराअ बिन आझिब (रजि.) यांची उंटीण एका बागेत शिरली आणि तिने नुकसान केले. प्रेषितांनी (स.) निर्णय दिला की, दिवसा बागेची राखण बागवाल्याने करावी, रात्री जनावर बांधून ठेवणे ही जनावराच्या मालकाची जबाबदारी आहे, आणि रात्री झालेल्या नुकसानीची भरपाईही त्याच्यावरच आहे. मुक्या जनावराने आपणहून केलेल्या इजेचा बदला नाही, अशीही हदीस आहे. परंतु फकीहांनी स्पष्ट केले आहे की, जेथे मालकाचा हलगर्जीपणा नसेल तेथेच ही सूट आहे. आपला कुत्रा चावरा आहे हे ठाऊक असूनही जो त्याला मोकळा सोडतो, त्याला ही सूट कशी मिळेल?

आपल्या देशाचा कायदाही हेच सांगतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मुक्या जनावराला बुद्धी नाही म्हणूनच दोरी माणसाच्या हाती दिली आहे. ती दोरी ही एक अमानत आहे.

कुत्रा पाळणाऱ्या बांधवा, म्हणून तुला प्रथम विनंती. ‘तो काही करत नाही’ हे वाक्य आजपासून सोडून दे. तो तुला काही करत नाही, कारण तू त्याला खाऊ घालतोस. पलीकडच्या घरातील पाच वर्षांच्या मुलीला तो ओळखत नाही, आणि तीही त्याला ओळखत नाही. एकदा प्रवासात एक सहाबी झोपले असता दुसऱ्याने थट्टेने त्यांच्याजवळची दोरी उचलली आणि ते दचकले. तेव्हा प्रेषितांनी (स.) बजावले की, मुस्लिमाने मुस्लिमाला घाबरविणे वैध नाही. दोरीने दचकविणे जर वैध नाही, तर दोरी सोडलेल्या कुत्र्याने घाबरविणे कसे वैध होईल? ज्याच्या उपद्रवापासून त्याचा शेजारी निर्धास्त नाही, तो ईमानवंत नाही, हे प्रेषितांनी (स.) तीनदा अल्लाहची शपथ घेऊन सांगितले आहे. शेजारी निर्धास्त असणे ही ईमानची कसोटी आहे. शेजाऱ्याला चावा बसेपर्यंत ती कसोटी लागू होत नाही, असे मानू नकोस.

फिरायला नेताना पट्टा व साखळी हाती ठेव. कुत्रा रागीट असेल तर तोंडाला मुसके घाल. लिफ्टमध्ये कोणी लहान मूल किंवा वृद्ध असेल तर थांबून पुढच्या वेळी जा. रेबीजची लस दरवर्षी दे, पालिकेचा परवाना घे. रस्त्यावर त्याने केलेली घाण स्वतः उचल; वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची शाखा आहे, तर ती वाटेत टाकून जाणे काय ठरेल, याचा तूच विचार कर. दिवसभर साखळीने बांधून, उपाशी ठेवून रात्री मोकाट सोडणे हा तर जनावरावरही अन्याय आहे आणि माणसांवरही.

आता ज्यांना त्रास होतो त्यांच्याशी बोलू या. तुमची तक्रार खरी आहे. पण तक्रार खरी असली म्हणून प्रत्येक उपाय वैध होत नाही. काही ठिकाणी रागाच्या भरात अन्नात विष कालवून कुत्र्यांना घातले जाते. ज्याला जाब देता येत नाही त्या जिवाला तडफडवून मारणे हे घोर पाप आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार तो पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हाही आहे. मुलांनी दगड मारणे, शेपटीला फटाके बांधणे हेही थांबवा. डिवचलेला कुत्राच पुढे दुसऱ्या निष्पाप माणसाला चावतो.

मग करावे काय? प्रथम मालकाकडे जा, तेही भांडणाच्या क्षणी नव्हे, तर राग शमल्यावर. फिरऔनसारख्या जुलमी राजाकडे जातानाही ह. मूसा (अ.) आणि ह. हारून (अ.) यांना मृदू बोलण्याची आज्ञा झाली होती. तुमचा शेजारी फिरऔन नाही, आणि तुम्ही-आम्ही मूसा (अ.) नाही. दारात उभे राहून ओरडण्यापेक्षा आत बसून सांगा की, अब्बा आता फजरला जायला घाबरतात. पुष्कळदा माणसाला आपला कुत्रा इतरांना कसा दिसतो हेच ठाऊक नसते.

एवढ्याने भागले नाही तर? अबू दाऊदमध्ये एक बोधप्रद घटना आली आहे. एका माणसाने शेजाऱ्याच्या त्रासाची तक्रार केली. प्रेषितांनी (स.) त्याला सब्र करायला सांगितले. तो दोन-तीनदा आला, तेव्हा आपले सामान रस्त्यावर आणून ठेव, असे त्याला सांगितले. येणारे-जाणारे कारण विचारू लागले आणि ऐकून त्या शेजाऱ्याला दोष देऊ लागले. अखेर तो शेजारी स्वतः आला आणि यापुढे त्रास देणार नाही असे म्हणून त्याला घरी परत घेऊन गेला. येथे आधी सब्र आहे, नंतर समाजाच्या नजरेसमोर गाऱ्हाणे मांडणे आहे. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. आजच्या काळात हेच काम सोसायटीची सभा, मोहल्ल्यातील जाणती माणसे आणि शेवटी पालिका व पोलीस ठाण्यातील लेखी तक्रार यांतून होऊ शकते. सब्र म्हणजे गप्प बसणे नव्हे.

शेजारी मुस्लिमेतर असेल तर अधिक सावध राहा. कुत्र्याच्या वादाला धर्माच्या वादाचे रूप देऊ नका. ह. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा त्यांनी पुनःपुन्हा विचारले की, आपल्या यहुदी शेजाऱ्याला हिस्सा पाठविला की नाही? कारण ह. जिब्रईल (अ.) यांनी शेजाऱ्याविषयी इतकी ताकीद दिली होती की, त्याला वारसाहक्कच मिळतो की काय असे प्रेषितांना (स.) वाटले होते. ज्या घरी ईदचा शीरखुर्मा गेलेला असतो, तेथे तक्रार घेऊन जाणेही सोपे होते.

शेवटी स्वतःकडेही पाहू या. गल्लीतील भटक्या कुत्र्यांना आपण रोज दोष देतो. त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण ही पालिकेची जबाबदारी आहे आणि त्यासाठी पाठपुरावा केलाच पाहिजे. पण ही कुत्री आपल्याच वस्तीत का जमतात? बकरी ईदनंतर आतडी व टाकाऊ भाग मोकळ्या भूखंडावर, गटारीच्या कडेला कोण टाकतो? लग्नाच्या दावतीनंतर उष्ट्याचे ढीग कोणाचे असतात? कुर्बानीसारखी इबादत करून तिचे अवशेष शेजाऱ्याच्या दारात सडत ठेवणे ही इबादतीची शोभा नव्हे. ते झाकून, बांधून पालिकेच्या गाडीतच गेले पाहिजेत.

आणि चावा बसलाच तर चुना, मिरची, हळद लावत बसू नका. साबण व वाहत्या पाण्याने जखम पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस सुरू करा. डॉक्टर सांगतील तेवढे सर्व डोस पूर्ण करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात रेबीजने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के एकट्या भारतात होतात, आणि लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच जीव घेतो. दुआ अवश्य करा. पण दम केलेले पाणी हा लसीला पर्याय नव्हे. औषध घेण्याची शिकवणही प्रेषितांनीच (स.) दिली आहे.

बंधू-भगिनींनो, कयामतच्या दिवशी नमाज-रोजांच्या राशी घेऊन येणारा माणूसही कंगाल ठरेल, जर त्याने कोणाला शिवी दिली असेल, कोणाला मारले असेल, कोणाचा हक्क हिरावला असेल. कारण त्याची पुण्ये त्या लोकांत वाटली जातील. ते वृद्ध चाचा त्या दिवशी समोर येतील आणि चुकलेल्या फजरच्या जमातींचा हिशेब मागतील. त्याआधी, आजच त्यांच्या दारी जा. कुत्रा बांधल्याचे सांगा, माफी मागा आणि उद्याच्या फजरला त्यांचा हात धरून मस्जिदीत घेऊन जा.

अल्लाह आपणा सर्वांना असे शेजारी बनवो, ज्यांच्यापासून माणसे आणि मुकी जनावरे दोन्ही निर्धास्त असतील. आमीन.