खऱ्या लाकडाची मागणी

मोटारीतच बिछाना, चूल आणि कपाटे बसवून तिचे फिरते घर करण्याची हौस आपल्याकडेही रुजू लागली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये अशा गाड्यांच्या पर्यटनासाठी धोरणही जाहीर केले. या कॅम्पर व्हॅनचे अंतरंग खऱ्या लाकडाचे असावे की लाकडासारख्या दिसणाऱ्या सनमायकाचे, हा प्रश्न वरकरणी सुताराच्या अखत्यारीतला आहे. परंतु त्यात नीतीचाही एक प्रश्न दडलेला आहे.

नकली लाकूड म्हणजे असत्य, असा आरोप पुष्कळदा ऐकू येतो. तो टिकण्यासारखा नाही. फसवणूक म्हणायची तर फसवण्याचा हेतू हवा आणि फसलेला कोणीतरी हवा. सागाच्या रेषा छापलेल्या आहेत हे विकणारा जाणतो, घेणारा जाणतो, आणि चहाला आलेला पाहुणाही जाणतो. मग असत्य कोठले?

व्यवहाराकडे पाहता तर नकलीचाच पक्ष बळकट आहे. लाकूड हवेतील ओलावा घेते व सोडते. फळी लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र फुगते आणि आकसते. वैशाखात आमच्या बुऱ्हाणपूरच्या कोरड्या धगीत घट्ट बसवलेली कपाटाची दारे आषाढात गोव्यात उतरली की अडकू लागतात. तिकडे बसवलेल्या फळ्या तापीकाठी आल्या की त्यांच्यात फटी पडतात. म्हणून जाणता सुतार फळीला जखडीत नाही, हलायला जागा ठेवतो. थंडीत गाडीच्या पत्र्याला आतून दव धरते. तेथे हवा खेळती नसेल तर फळी मागून कुजते आणि पुढून सुंदर दिसत राहते. हादऱ्यांनी स्क्रू सैल होतात. अधूनमधून घासून जवसाच्या तेलाचा हात द्यावा लागतो. (ते तेलकट फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये, आपोआप पेटू शकते.)

एवढा व्याप माणूस का पत्करतो? सौंदर्यासाठी, हे उत्तर अपुरे आहे. छापील रेषाही सुंदर असतात. मला वाटते, भेद निराळाच आहे. सनमायका पहिल्या दिवशी सर्वांत चांगला असतो, त्यानंतर त्याला केवळ उतारच. खोल ओरखडा पडला की खालचे दुसरेच काही उघडे पडते. खऱ्या लाकडाच्या ओरखड्याखाली लाकूडच असते. त्यामुळे त्याची सेवा करता येते, आणि सेवेने ते पुन्हा उभे राहते. नकली वस्तू आपल्याजवळ काही मागतच नाही. तिचे उणेपण हेच.

चाकांवरचे लाकूड आपल्या समाजाला नवे नाही. येथून भुसावळमार्गे जळगावला गेले की कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ पाहावयास मिळतो. हा उत्सव १८७२ पासून चालत आला आहे. चाकांखाली लाकडी मोगरी घालून रथ आवरायचा, वळवायचा, हे काम सराईत हातांचे. उलट पुरीला जगन्नाथाचे रथ दरवर्षी नवे घडतात. तेथे लाकूड जपत नाहीत, घडवण्याची विद्या जपतात. दोन्हीकडे लाकडाबरोबर माणसेही बांधली गेली आहेत. शिवाय रथ देवाचा. आपल्या कायद्याने देवमूर्तीस मालमत्ता धारण करणारी व्यक्ती मानले आहे. व्यवस्था पाहणारा मालक नसतो. मालकी नसतानाही तेलाचा हात देणारे हात तेथे पिढ्यान्‌पिढ्या मिळतात.

आता व्हॅनच्या मालकाकडे वळू. सागवान त्याने घेतले, पण तेल लावायला नोकर ठेवला, आणि फट पडली की सुतारावर डाफरला, तर त्याच्याजवळ खरे लाकूड आहे एवढेच. लाकडाशी त्याचा संबंध काही जडला नाही. अशाने खुशाल सनमायका लावावा, असे मी स्पष्ट म्हणेन. साग पक्व व्हायला पन्नासाहून अधिक वर्षे लागतात आणि सातपुड्याची जंगले कोणाच्या दिखाव्यासाठी वाढत नाहीत.

ज्याला सेवेची खरोखर आवड आहे त्याने नवा साग मागण्यापूर्वी जुन्या वाड्यांचे उतरवलेले सागवान पाहावे. ते वर्षानुवर्षे मुरलेले असते, त्यामुळे हिरव्या लाकडासारखे वाकत नाही. पातळ चिरून घेतले तर गाडीला भारही बेताचा होतो. त्याला जुन्या खिळ्यांची भोके असतात. सुतार ती बुजवू का म्हणून विचारील. पाणी शिरण्यासारखी असतील तेवढी बुजवावीत, बाकीची राहू द्यावीत.