रोगमुक्त वर्षांचें मोल

रोग हटल्यावरही औषध चालूं ठेवावें काय, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ वैद्याचा वाटतो. पण तो नीतिशास्त्राचाही आहे. फॉलिक्युलर लिंफोमा हा लसीकाग्रंथींचा मंदगति कर्करोग. पहिल्या उपचारानें तो बहुधा मागें हटतो, परंतु समूळ जात नाहीं. म्हणून पुढें दोन वर्षें, दर दोन महिन्यांनीं, रिटुक्सिमॅब हें औषध देतात. 'प्रिमा' चाचणीचा दहा वर्षांचा निष्कर्ष २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. औषध चालूं ठेवणाऱ्यांपैकीं शेंकडा ५१ जणांनीं रोग पुन्हां न बळावतां दहा वर्षें काढलीं. न घेणाऱ्यांत हें प्रमाण ३५ होतें. मात्र हयात राहिलेल्यांची संख्या दोन्ही गटांत सारखीच, सुमारें शेंकडा ८०!

मग मिळविलें काय? आयुष्य वाढलें नाहीं, तेव्हां फळ शून्य, असें हिशेबी मनुष्य म्हणेल. आम्हांस हा हिशेब कोता वाटतो. रोगावांचून गेलेलें वर्ष आणि नव्या उपचाराच्या तापांत गेलेलें वर्ष पंचांगांत सारखें असलें, तरी भोगणाऱ्यास सारखें नसतें. पण तें फुकटही मिळत नाहीं. औषधानें जंतुसंसर्ग वाढतो (कोविडच्या सांथींत हें भय फारच जाणवलें), आणि धडधाकट मनुष्यास आपण रोगी असल्याची आठवण दर दोन महिन्यांनीं होते. ती कोणास आधार वाटते, कोणास जाच. तिचें माप वैद्याजवळ नाहीं. म्हणून 'घेतलेंच पाहिजे' असें बजावणारा वैद्य, आमच्या मतें, आपल्या अधिकाराबाहेर बोलतो. शिवाय नको म्हणणाऱ्यास औषध कायमचें दुरावतें असेंही नाहीं. रोग उलटल्यास तें तेव्हांही देतां येतें.