कासव काय राखते?

देवळाच्या सभामंडपात दगडी कासव असते. आपण त्याला हात लावतो, तो कपाळी नेतो अन् पुढे होतो. पण बाबा, तू इथे का बसलास, असे त्याला कधी विचारले आहे काय?

आधी नाव पाहू. संस्कृतातला कच्छप प्राकृतात कच्छव झाला आणि मराठीत कासव. मच्छाचा मासा झाला तसा ‘च्छ’चा ‘स’, दीपाचा दिवा झाला तसा ‘प’चा ‘व’. शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे नाव घेताना जे कवठ कानी पडते, तेही मूळचे कपित्थच.

यास्काचार्यांनी निरुक्तात कच्छप शब्द फोडताना ‘पा’ धातू राखणे या अर्थीही घेतला आणि पिणे या अर्थीही. याचे दुसरे नाव कूर्म. शतपथ ब्राह्मण ते ‘कृ’ म्हणजे करणे या धातूशी जोडते; प्रजापतीने हे रूप घेऊन प्रजा निर्माण केली म्हणून तो कूर्म. आजचे पंडित या व्युत्पत्ती मानोत वा न मानोत, एका नावात राखणे आहे अन् दुसऱ्यात करणे आहे, एवढे ध्यानी धरावे.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, ५८ व्या श्लोकात, इंद्रिये आवरणाऱ्याला कासवाची उपमा दिली आहे. तेवढेच धरून कोणी म्हणतो, ‘आपण बुवा कासव. गावात काही होवो, आपण अंग चोरून बसावे.’ हा संयम खरा काय?

विहिरीच्या पाण्याची पाळी घ्या. भाऊ पाळीवरून आपल्याला टाकून बोलला, तर जीभ आत ओढावी, ते कासवपण. पण त्याच भावाने शेजारच्या विधवेची पाळी मारली आणि आपण पाहून न पाहिल्यासारखे केले, तर ती पाठ कासवाची नव्हे, नुसत्या धोंड्याची! आपला राग राखायचा होता, तिथे आपण आपली कातडी राखली.

सज्जनहो, गीता सांगितली ती रणांगणावर, अन् ज्याला उठून लढायचे होते त्याला. कासव पाय आत घेते ते कायमचे नव्हे. वेळ येताच बाहेर काढून चालू लागते. मंडपातले दगडी कासव चालत नाही. त्याच्या वाटचे आपण चालावयाचे.

रामकृष्ण हरी.