गोळी, चित्त आणि साक्षी

खेड तालुक्यातील निघोजे हे गाव देहू आणि आळंदी या दोन्ही क्षेत्रांपासून जवळ असून चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातही मोडते. त्यामुळे कारखान्याची रात्रपाळी आणि हरिपाठ यांचा सहवास तेथे नेहमीचाच आहे. अशा परिसरात एखाद्याला न दिसणाऱ्या व्यक्तीचे आवाज ऐकू येऊ लागले, तर कोणी त्याला बाहेरची बाधा म्हणतो, कोणी साक्षात्कार आणि मनोविकारतज्ज्ञ सायकोसिस, म्हणजे वास्तवाशी नाते तुटल्याची अवस्था. औषधाने तो आवाज मंदावल्यावर मात्र खरा तात्त्विक प्रश्न उभा राहतो: गोळीने बदलले ते माणसाचे नेमके काय?

या औषधांचा इतिहास महाराष्ट्राला परका नाही. 1952 मध्ये पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात डिले आणि डेनिकर या मनोविकारतज्ज्ञांनी क्लोरप्रोमॅझिन हे औषध मनोरुग्णांना दिले. त्याआधी, 1949 मध्ये, मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीचा उच्च रक्तदाबावरील उपयोग ब्रिटिश नियतकालिकातून मांडला होता. पुढे तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य मनोविकारांवरही वापरले गेले, आणि 1957 च्या लास्कर वैद्यकीय पुरस्कारात वकील व डेनिकर यांची नावे एकत्र आली. सायकोसिसवरील आजची बहुतेक औषधे मेंदूतील पेशींमध्ये निरोप पोहोचवणाऱ्या डोपामिन या द्रव्याचा प्रभाव रोखतात. एका मान्यवर उपपत्तीनुसार डोपामिन अनुभवाला महत्त्व बहाल करते, आणि ते अनावर झाले की रस्त्यावरची सहज नजरही गूढ संकेत वाटू लागते. गोळी त्या समजुतीचे खंडन करीत नाही, केवळ तिची निकड कमी करते, आणि मग समजूत सैल पडण्यास अवसर मिळतो.

सांख्य दर्शनाला यात नवल वाटणार नाही, कारण त्याच्या मते बुद्धी, अहंकार आणि मन ही तिन्ही प्रकृतीची, म्हणजे जड मूलद्रव्याची, परिणतरूपे असून पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, हा केवळ त्यांचा साक्षी आहे. द्रव्याने द्रव्य बदलले, एवढेच. चरकसंहितेनेही उन्मादाचे निदान सांगताना देव, गंधर्व, राक्षस यांच्यावर दोष न टाकता मनुष्याच्या स्वतःच्या बुद्धिदोषाकडे बोट दाखवले आहे, जरी आगंतुक, म्हणजे बाहेरून येणाऱ्या, उन्मादाला तिने जागा ठेवली हेही खरे. (बुद्धिदोषाचे हे बोट रुग्णालाच अपराधी ठरवण्यासाठी वापरले जाते, तेव्हा मात्र ते देवऋषीच्या छडीहून फारसे वेगळे उरत नाही.)

तथापि साक्षीचे हे उत्तर भक्ताला अपुरे पडते. भक्ती करायची ती गोळीने बदलणाऱ्या याच चित्ताने, आणि या औषधांमुळे काहींच्या भावना बोथट होतात, भजनात रंगणारे मन कोरडे राहते. शिवाय गुंगी, वजनवाढ, हातापायांची थरथर आणि स्वस्थ बसू न देणारी अस्वस्थता हे परिणामही संभवतात. रात्रपाळीत यंत्रावर उभ्या असणाऱ्याला गुंगी धोक्याचीच. म्हणून कीर्तनात आता काही वाटत नाही, ही तक्रार डॉक्टरने रक्तातील साखरेच्या तपासणीइतक्याच गांभीर्याने नोंदवावी, कारण मात्रा कमी करणे किंवा औषध बदलणे पुष्कळदा शक्य असते. पण रुग्णाने ते परस्पर बंद करू नये, कारण त्याने आजार उलटण्याचा धोका वाढतो. उपचारांबाबत रुग्णाच्या म्हणण्याला कायद्याचाही आधार आहे: 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रत्येक प्रौढ व्यक्तीला, आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, हे आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार दिला आहे.