जागा देणं

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मस्तानी महाल आहे. बाजीरावांनी कोथरूडला बांधलेल्या महालाचे अवशेष दिनकर केळकरांनी आणून इथे पुन्हा उभे केले. लाकडी बांधकामाचं हे बरं असतं: खांब, तुळया सुट्या होतात, दुसऱ्या जागी पुन्हा जुळतात.

मस्तानी बुंदेलखंडातली, आम्हा जबलपूरकरांना शेजारची लेक. तिला मात्र पेशव्यांच्या घरात जुळू दिलं नाही. १७४० साली बाजीरावांमागोमाग तीही गेली. आज तिच्या खांबांपुढे आपण आवाज हळू करतो. हा पश्चात्ताप म्हणावा, की सोय? लाकूड काही मागत नाही, कुणाच्या पंगतीला बसायला येत नाही.

मी अनुवाद करते. हयात नसलेल्या लेखकांचे अनुवाद मला सोपे जातात. ते हरकत घेत नाहीत. त्यालाच मी आजवर मूळ लेखकाबद्दलचा आदर म्हणत आले.

बाहेर रिक्षावाल्याची हिंदी बुंदेली वळणाची वाटली. गाव विचारलं. "सागर," म्हणाला. मग मी महालाबद्दलच बोलत राहिले. पुण्यात त्याला राहायला खोली सहज मिळाली का, हे विचारायचं राहून गेलं.